दहा पुड्या तुमच्या, दहा माझ्या

इनासकाका,

मंगळवारी तुम्हांला माती दिली. आज शुक्रवार. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली तिच्यातलं मला काही कळलं नाही. मी सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभा होतो. माझी पाळी आली तेव्हा मूठभर माती टाकली आणि लगेच मागे सरकलो. निघताना मारीकाकूंनी मला थांबवलं. डोळे पुसत म्हणाल्या, "गोविंदा, तुझ्या काकानं शेवटपर्यंत तुझी चौकशी केली रे. गोविंद आला का, काही बोलला का, हेच विचारत होते."

त्यांना वाटलं, मला ऐकून बरं वाटेल. तसं झालं नाही. कारण मी काय बोलावं म्हणून तुम्ही वाट बघत होता ते मला ठाऊक आहे. पंधरा वर्षं ठाऊक आहे. ते आज सांगतो, पण पहिल्यापासून सांगतो. एकदम सांगून मोकळं होण्याचा हक्क मला नाही.

कल्याणहून मी ठाण्याच्या दवाखान्यात आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. तुम्ही पन्नाशी ओलांडलेली. बाळकूमहून रोज सकाळी चालत यायचा, फडक्यात भाकरी बांधलेली. तुमचा उजवा हात थरथरायचा. काटा उचलताना डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरायचा, मग श्वास रोखायचा, आणि चमच्याच्या टोकानं हिवतापावरचं कोयनेल पारड्यात सोडायचा. एकेक पुडी अशी. तुमची एक पुडी बांधून होईपर्यंत माझ्या चार व्हायच्या. मी शंभर ग्रेन कोयनेल एकदाच तोलून घ्यायचो, काचेवर लांबट पट्टा पसरायचो आणि पातळ सुरीनं सपासप दहा भाग पाडायचो. नजरेनंच. तापाच्या दिवसांत खिडकीशी रांग लागली की लोक म्हणायचे, "त्या नव्या कंपाउंडरकडं चला, म्हातारा उशीर लावतो." मला ते ऐकू यायचं आणि आवडायचं. तुम्हांलाही ऐकू येत असणार.

संध्याकाळी डॉक्टरसाहेब बरणी तोलायचे. सकाळी किती होतं, पुड्या किती गेल्या, उरलं किती. तुमचाही मेळ बसायचा, माझाही बसायचा. त्यामुळे माझ्या कामात काही खोट असेल असं मला कधी वाटलं नाही.

त्या साली पावसाळा सरता सरता ताप फार पसरला. एक दिवस चेंदणीच्या कोळीवाड्यातली पारूबाय दवाखान्यात आली. तिची मुलगी हिरा, चौदा-पंधरा वर्षांची, आमच्याकडच्या पुड्या घेत होती. पारूबाय खिडकीशी आली ती ओरडतच.

"माझे हिराचे कानान घंटा वाजतान! सकालपासून उलट्या करते. हाक मारली तर वलखत नाय. काय दिलाव तिला?"

तिनं कनवटीची एक पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. "सहा दिलेल्या. पाच पोटान गेल्या. ही ऱ्हायली."

तुम्ही तेव्हा आतल्या खोलीत काढा गाळत होता. तुम्हांला तिचा आवाज ऐकू आला, पण पुडी तुम्ही पाहिली नाही. मी पाहिली. काका, ती माझी होती. कागदाचं टोक डावीकडे आत खोचलेलं होतं. तुम्ही टोक खोचत नसा, तुमच्या बोटांना ते जमत नसे. तुम्ही दोन्ही कडा मुडपून वर नखानं दाबायचा. दवाखान्यात पुड्या बांधणारे आपण दोघेच होतो.

मी ती पारड्यात टाकली. हलकी भरली. ही एक जर हलकी, तर आधीच्या पाचांत कुठंतरी जड गेली असणार, एवढं कळायला मला कुठलं गणित लागलं नाही. मी पारूबायला म्हणालो, "बघतो मी. आज औषध बंद ठेव, पाणी भरपूर पाज." ती गेल्यावर मी पुडी फोडली, मोरीत ओतली आणि वरून तांब्याभर पाणी टाकलं.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांना अर्ज लिहिला. लिहिताना मला खरंच वाटत होतं की मी रोग्यांच्या भल्यासाठी लिहितो आहे. वृद्ध कंपाउंडरांचा हात थरथरतो, पुड्यांचं माप राहत नाही, रोग्यांस अपाय होण्याचा संभव आहे. चेंदणीच्या मुलीचा उल्लेखही केला. अक्षर फार सुंदर काढलं होतं.

दोन दिवस काहीच झालं नाही. तुम्ही "गोविंद" म्हणून हाक मारलीत की मी भाग पाडता पाडता थांबायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी, खिडकी उघडायच्या आधी, तुम्ही तो अर्ज माझ्यासमोर ठेवलात.

"हे तुझं अक्षर?"

मी मान खाली घातली.

"साहेबांनी मलाच दिला. म्हणाले, यात खरं काय ते बघून कळवा." तुम्ही स्टूल ओढून बसलात. मी शिव्यांची वाट बघत होतो. तुम्ही म्हणालात, "खरं असंल रे. माझा हात मला ठाव नाय काय? पण असंल म्हणून चालत नाय. मोजू."

तुम्ही तुमच्या थाळीतल्या दहा पुड्या काढल्यात आणि माझ्या एका खेपेच्या दहा. काटा छताच्या आकड्याला टांगलात, म्हणजे कोणाच्या हाताचा प्रश्न नको. एकेक पुडी उघडून तोलायची, मी वाचायचं, तुम्ही पाटीवर लिहायचं. प्रत्येकीत दहा ग्रेन हवे. तुमच्या निघाल्या दहा, साडेदहा, साडेनऊ, दहा, अकरा... ती अकराची निघाली तेव्हा तुमचा चेहरा उतरला. मग माझ्या. दहा, साडेअकरा, साडेआठ, साडेदहा, नऊ. माझा आवाज बारीक होत गेला. एक तर आठाची निघाली.

मी घाईघाईनं बेरीज केली. तुमची शंभर, माझी शंभर. "काका, दोघांचीही सरासरी दहा! अगदी सारखी!"

"बरणी तोलून साहेबाला पण तेच दिसतं," तुम्ही म्हणालात. "आठवाल्याचा ताप उतरंल काय? आणि साडेअकरावाल्याचं डोकं गरगरलं, तर आठवाला येऊन त्याचं थोडं वाटून घेणार? सरासरी कोणाच्या पोटात जात नाय, गोविंदा. पुडी जाते."

मग तुम्ही टिटवाळ्याची गोष्ट सांगितलीत. तरुणपणी तुम्ही जमीन मोजणीच्या तुकडीत होता, टिटवाळ्याच्या बाजूला तंबू होते. दुर्बिणीची दोन यंत्रं होती. एकाच खुणेची उंची दोन्ही यंत्रांनी दहा-दहा वेळा वाचायची. सरासरी दोन्हींची जवळपास तीच यायची. पण एकाचे आकडे खुणेला चिकटून बसायचे आणि दुसऱ्याचे इकडेतिकडे उड्या मारायचे. तिथला गोरा साहेब सरासरीवर समाधान मानत नसे. आकडे किती विखुरले ते मोजायला त्यानं तुम्हांला शिकवलं. औषधाच्या कामात ते कधी लागेल असं तुम्हांला तोवर वाटलं नव्हतं.

पाटीवर तुम्ही प्रत्येक पुडीसमोर तिची चूक मांडलीत, अर्ध्या ग्रेनच्या मापात. साडेदहा म्हणजे अधिक एक. नऊ म्हणजे उणे दोन. "आता बेरीज कर."

मी केली. तुमचीही शून्य, माझीही शून्य.

"शून्य म्हणजे चूक नाय?"

"आहे. पण अधिक-उणं कटलं."

"म्हणून वर्ग करायचा. उण्याचा वर्ग पण अधिकच. मग कोणी कोणाला झाकत नाय."

"नुसतं उण्याचं चिन्ह पुसलं तरी तेच होईल की," मी म्हणालो. मला कुठंतरी तुम्हांला अडवायचं होतं.

"होईल. पण मग अर्ध्या ग्रेनच्या चार चुका आणि दोन ग्रेनची एक चूक, दोघांचं वजन सारखंच धरशील. कोणाला भ्यायचं? त्या चारांना की त्या एकीला? वर्ग केलास की त्या चारांचे चार होतात, त्या एकीचे सोळा. मोठी चूक मोठ्यानं बोलते."

मी वर्ग केले. तुमच्या दहांची बेरीज आली दहा. माझी आली अठ्ठेचाळीस.

पाटी माझ्याच हातात होती. मी पुन्हा बेरीज केली, खालून वर. अठ्ठेचाळीस. थरथरणारा हात तुमचा आणि जवळजवळ पाचपट विखुरणं माझं. तुम्ही पाटीकडे बघत होता, माझ्याकडे बघणं टाळत होता. तेव्हा मी जे बोललो ते केवळ सुटका करून घेण्यासाठी. म्हणालो, "दहाच तर पुड्या आहेत, काका. आजची सकाळ वाईट असेल माझी. नशिबानंही असं होऊ शकतं."

तुम्ही चिडाल असं वाटलं होतं. तुमचे डोळे एकदम चमकले. "हां! आता बरोबर विचारलंस. नशिबानं होऊ शकतं. किती वेळा होऊ शकतं, ते बघू या."

टिटवाळ्याच्या साहेबानं हे शिकवलं नव्हतं. तो दोन्ही आकडे बघून मान हलवायचा आणि यंत्र बदलायचा. चिठ्ठ्यांची युक्ती तुमची स्वतःची. वीस चुकांचे वीस वर्ग तुम्ही वीस चिठ्ठ्यांवर लिहून रिकाम्या चिनी मातीच्या बरणीत टाकलेत. "समज, आपले हात अगदी सारखे हाएत. मग यातली कुठली चूक तुझी नि कुठली माझी, याला काय अर्थ? कोणतीही कोणाच्याही थाळीत पडली असती. तर मग हलवून पुन्हा वाटू. न बघता दहा काढ, बेरीज कर. अठ्ठेचाळीस किंवा वर किती वेळा येते ती मोज. घडीघडी आली, तर तुझं काही चुकलं नाय, तो नुसता खेळ झाला नशिबाचा. क्वचित आली, तर मग नशिबावर ढकलणं कठीण."

दुपारी जेवणं झाली की खिडकी तासभर बंद असायची. तेवढ्या वेळात आपण चिठ्ठ्या काढायचो. काढायचो म्हणजे मी काढायचो. तुम्ही फक्त आकडा लिहायचा. पहिल्या दिवशी तीस वेळा काढल्या. बावीस, एकतीस, सत्तावीस, चाळीस. चाळीस आली तेव्हा मी ओठ चावून बसलो होतो. काका, मी त्या बरणीत हात घालताना मनातल्या मनात गणपतीचा धावा करायचो. सोळाची चिठ्ठी, नवांच्या दोन्ही आणि चारांच्या निदान तीन एकदम माझ्या मुठीत याव्यात म्हणून. तिसऱ्या दिवशी एकोणपन्नास आली आणि मी अक्षरशः उठून उभा राहिलो. "आली! बघा, आली!" तुम्ही शांतपणे लिहिलंत आणि म्हणालात, "आली. पुढं काढ."

दोनशे वेळा काढल्या. आठवडा गेला. तीन वेळा आली.

"दोनशेंत तीन," मी म्हणालो. "म्हणजे येते तरी."

"येते."

"मग सिद्ध कुठं झालं? मी त्या तिनांतला असेन."

"असशील पण."

"मग किती वेळा आली असती म्हणजे तुम्ही मला निर्दोष धरलं असतं? दहा वेळा? वीस? रेघ कुठं आहे?"

यावरून आपण किती भांडलो! पुढे पंधरा वर्षं, जेव्हा जेव्हा भेटलो तेव्हा तेव्हा. मला एक ठाम आकडा हवा होता. त्याच्या आत आलं की दोषी, बाहेर राहिलं की सुटका. तुम्ही तो आकडा मला कधी दिला नाहीत. म्हणायचा, "ती रेघ गणितात नाय. वांगी तोलायची असतील तर तिनाला पण नशीब म्हणून सोडून देईन. पोरीच्या पोटात जाणार असंल तर वीस पण मला कमी वाटतात." मी म्हणायचो, मग हे मोजण्यात अर्थ काय, शेवटी मनाचाच कौल. तुम्ही म्हणायचा, मनाचा कौल मोजून झाल्यावर द्यायचा, आधी नाय. अजूनही मला वाटतं, माझं थोडं बरोबर होतं. अजूनही वाटतं, कोणीतरी कुठंतरी एक रेघ आखायला हवी. आता कोणाशी भांडू?

त्या आठवड्यानंतर मी स्वतः डॉक्टरसाहेबांकडे गेलो. अर्ज परत मागितला आणि माझ्या पुड्या विखुरतात, इनासकाकांच्या नाहीत, असं कबूल केलं. तुम्ही दाराबाहेर उभे होता. साहेब पुष्कळ बोलले. सहा महिने प्रत्येक पुडी तुमच्या देखत काट्यावर तोलायची, असा हुकूम झाला. मी सगळं ऐकून घेतलं. मुलीच्या पुडीबद्दल मात्र बोललो नाही. आज एवढं पुरे, असं स्वतःला सांगितलं.

ते सहा महिने मी तुमच्यासमोर बसलो. मला वाटलं होतं, सूड म्हणून तुम्ही मला पिडाल. तुम्ही काटा कसा धरायचा ते शिकवलंत, पावसाळी हवेत कोयनेलचे खडे होतात ते आधी चाळून घ्यायला शिकवलंत. महिन्याभरानं पुन्हा दहा-दहा मोजल्या तेव्हा माझी बेरीज तुमच्यापेक्षा कमी आली. मी खूश झालो. तुम्ही हसलात. "मी समोर बसलोय म्हणून. मी नसताना काय येते ते तू एकटा मोज, मला सांगू नको." मी मोजायचो. आजही दर शनिवारी मोजतो. कल्याणच्या दवाखान्यात माझ्या हाताखाली दोघे आहेत. त्यांच्यापेक्षा मी स्वतःला जास्त भितो.

तुम्ही ख्रिस्ती, म्हणून पहिली दोन वर्षं मी तुमच्या घरचं पाणी प्यायलो नाही. तुम्ही कधी विचारलं नाहीत. ज्या दिवशी मागितलं त्या दिवशी मारीकाकूंनी नवा तांब्या घासून आणला, आणि तुम्ही त्यांना म्हणालात, "रोजचाच दे." एवढंच. हे कधी तुमच्याशी बोललो नाही, म्हणून इथं लिहितो.

आता ते सांगतो ज्यासाठी बसलो.

हिरा वाचली. उलट्या थांबल्या, ताप गेला, पण तिचा डावा कान गेला. साहेब म्हणाले, ताप डोक्यात चढला तरी असं होतं, कोयनेलनंच झालं असं सांगता येत नाही. मी त्या वाक्याला धरून बसलो. तुम्ही नाही बसलात. एका रविवारी तुम्ही चर्चमधून परस्पर चेंदणीला जाताना मला दिसलात, हातात पेरू. मी विचारलं, कुठं? म्हणालात, "त्या पोरीला बघून येतो."

"तुम्ही कशाला जाता?"

"माझ्या दहांत एक अकराची निघाली होती ना? तशीच एखादी तिच्या वाट्याला गेली नसंल कशावरून?"

"पण काका, दोनशे चिठ्ठ्या काढून तर..."

"चिठ्ठ्यांनी हात कळला रे. ती पुडी कोणाची, ते चिठ्ठी कशी सांगणार?"

आपण रस्त्याच्या मधोमध उभे होतो. मी फक्त एवढं म्हणायला हवं होतं की टोक खोचलेलं होतं. तीन शब्द. तुम्ही पेरू या हातातून त्या हातात घेतलेत, माझ्याकडे बघितलंत आणि निघून गेलात.

त्यानंतर तुम्ही वर्षानुवर्षं जात राहिलात. माझी बदली कल्याणला झाली. लग्न झालं, मुलं झाली. बाळकूमला यायचो तेव्हा तुम्ही शेताच्या बांधावर बसून जुने वाद काढायचा, आणि मधेच कधीतरी विचारायचा, "ती पुडी कोणाची असंल रे?" मी म्हणायचो, "काका, झालं गेलं." तुम्हांला संशय होता का? पुष्कळदा वाटायचं, तुम्हांला सगळं ठाऊक आहे आणि तुम्ही मला वाट करून देताय. पुष्कळदा वाटायचं, काहीच ठाऊक नाही आणि तुम्ही स्वतःलाच कुरतडताय. या दोहोंतलं कुठलं खरं, ते मोजायला माझ्याजवळ काही नव्हतं. विचारायची हिंमतही नव्हती.

पंधरा दिवसांपूर्वी निरोप आला म्हणून मी बाळकूमला आलो. तुम्ही खाटेवर होता. दोन्ही हात आता थरथरत होते. मी तुमच्यासाठी पुड्या आणल्या होत्या, प्रत्येक पुडी तीनदा तोललेली. तुम्ही एक उघडायला लावलीत, बघितलीत आणि म्हणालात, "चांगली बांधलीस." मग मारीकाकू पाणी आणायला आत गेल्या आणि तुम्ही माझं मनगट धरलंत.

"गोविंदा. ती पुडी."

मी म्हणालो, "आता कशाला तो विषय? पडून राहा."

तुम्ही हात सोडलात. काकू पाणी घेऊन आल्या. तुम्ही पुडी घेतलीत, पाणी प्यायलात आणि कुशीवर वळलात. मी अर्धा तास बसलो. पुढच्या रविवारी पुन्हा येईन तेव्हा सांगेन, असं ठरवून उठलो. रविवार आला तेव्हा घरी पाहुणे होते. सोमवारी निरोप आला.

काल मी चेंदणीला गेलो.

कोळीवाड्यात विचारत गेलो. हिरा आता तीस वर्षांची आहे. अंगणात दोऱ्यांवर बोंबील टाकत होती, शेजारणीही होत्या. पारूबाय ओट्यावर बसली होती, पार थकलेली. मी कोण ते सांगितलं. तिनं ओळखलं नाही. मी तुमचं नाव घेतलं, तशी म्हणाली, "इनासबाबा? गेला म्हनं तो. चांगला मानूस होता."

मी तिच्यासमोर खाली बसलो. म्हणालो, हिराला त्या साली जी पुडी बाधली असं तुम्हांला वाटलं, ती माझ्या हातची होती. तुम्ही आणून दिलेली उरलेली पुडी मी ओळखली होती. मी ती फेकून दिली आणि नाव दुसऱ्यावर घातलं.

हिरा बोंबील टाकता टाकता थांबली. "आये, काय बोलतो तो?"

"मोठ्यान बोल," पारूबाय मला म्हणाली. "तिला त्या बाजून ऐकू नाय येत."

मी उठून उभा राहिलो. पुन्हा सांगितलं. हिरानं मान वळवून उजवा कान पुढे केला. "काय?"

तिसऱ्यांदा मी ओरडून सांगितलं. दोऱ्यांमागच्या बायका थांबल्या. शेजारच्या दारातून कोणीतरी डोकावलं. "ती पुडी माझी होती! माझ्या हातची!"

हिरा हातातलं खाली ठेवून माझ्याजवळ आली. मला वाटलं, शिव्या देईल, थुंकेल. मी तयार होतो. ती माझा चेहरा न्याहाळत राहिली, जणू माझं बोलणं तिला आता कुठं पोचत होतं.

"मंग तो बाबा," ती म्हणाली, "दर वरसाला येऊन माझी माफी कशाला मागाचा?"

काका, तुम्ही तिथं माफी मागायला जात होता हे मला काल कळलं. ती उत्तराची वाट न बघता पाठ फिरवून कामाला लागली.